मायक्रोटिक हेक्स: छोट्या ऑफिसात दीड वर्ष वापरल्यावर

दीड वर्ष झालं ऑफिसात मायक्रोटिकचा हेक्स हा राउटर लावून, मॉडेल आरबी७५०जीआर३, आणि तेव्हापासून निदान सात-आठ जणांनी फोन करून विचारलंय की तो छोटा पांढरा डबा नेमका करतो काय, घेऊ का, मला जमेल का, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. लांबलंय, पण पैसे टाकायच्या आधी पूर्ण वाचा, कारण हा राउटर घेतला आणि सेटिंगला बसलोच नाही असं झालं तर तो घेऊन काही फायदा नाही.

आमचं सांगलीत टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, बाबांनी सुरू केलेलं. ७ कॉम्प्युटर, त्यातल्याच एकावर टॅलीचा डेटा, एक नेटवर्क प्रिंटर, ८ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, आणि वायफाय, ज्याचा पासवर्ड भिंतीवर कागद चिकटवून लिहिलेला कारण येणारा प्रत्येक क्लायंट मागायचाच. हे सगळं इंटरनेटवाल्याने कनेक्शनबरोबर दिलेल्या डब्यावर चालायचं, आणि त्याच वायरवर लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळ्यांचे पोर्टलचे पासवर्ड असलेली एक्सेल फाइल. म्हणजे भिंतीवरचा पासवर्ड बघून मोबाईल जोडलेला कुणीही माणूस टॅलीच्या पीसीपर्यंत थेट पोचू शकत होता. बरीच वर्षं असंच चाललं आणि काही झालं नाही, म्हणून कुणी बघितलंही नाही.

मग मार्केट यार्डातल्या आमच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचं झालं. त्यांना रात्री घरून टॅली बघायचं असायचं, तर कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे त्या नंबरचं दार, उघडून दिलेला, त्यामुळे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसी चालवायची सोय) सगळ्या जगाला उघडा, आणि पासवर्ड दुकानाचं नाव पुढे १२३. एका सकाळी दुकान उघडलं तर टॅली चालू होईना, सगळ्या फाइलींची एक्स्टेंशन बदललेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता, पण तो पेनड्राइव्ह कायम त्याच पीसीच्या मागे लावलेला, त्यामुळे तोही गेला. ते दोन मोठ्या पिशव्या भरून कागदी बिलं घेऊन आमच्याकडे आले आणि आमच्या अकाउंटवाल्या मॅडमनी दोन महिने बसून एकेक एंट्री परत घातली. पिशव्यांना हळदीचा वास, बिलांवर पिवळे अंगठे, ते टेबल अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

त्या आठवड्यात मी आमच्या डब्याची सेटिंग उघडून बघितली. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आला तसाच, यूपीएनपी चालू, म्हणजे आतलं कुठलंही यंत्र कुणाला न विचारता स्वतःसाठी बाहेरून दार उघडून घेऊ शकतं, आणि डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला सरळ डीव्हीआरकडे पाठवणं, केलेलं. कॅमेरे लावलेल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "दादा, मोबाईलवर दिसायला पाहिजे म्हणालेले ना काका, मग असंच करावं लागतं, सगळीकडे असंच करतो आम्ही." त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं. पण २०१६ साली मिराई नावाचा जो बॉटनेट (हॅक केलेल्या यंत्रांची फौज) आला होता तो नेमका अशाच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांत घुसला होता, कंपनीने घालून दिलेले युझरनेम-पासवर्ड एकामागोमाग एक लावून, बस. काही मोठी हुशारी नाही लागली त्याला. आणि डीव्हीआरमध्ये एकदा कुणी शिरला की तो आपल्या ऑफिसच्या आतच बसलेला असतो, टॅलीच्या पीसीच्या शेजारी.

आता हेक्सकडे येतो. मायक्रोटिक ही लॅटव्हियाची कंपनी, रिगा शहरातली, १९९६ पासूनची, आणि आपल्याकडे छोटे केबल-इंटरनेटवाले खूप वापरतात, त्यामुळे माहितगार माणूस जिल्ह्याच्या गावात सापडतो. हेक्समध्ये ५ गिगाबिट पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे वायर लावायची जागा), ८८० मेगाहर्ट्झचा ड्युअल कोअर प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. वायफाय नाही, हे लक्षात ठेवा, त्यासाठी जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, मागे जोडावा लागतो. मला साडेपाच हजारांच्या आसपास पडला. वर्षाला लायसन्स रिन्यू करायची भानगड नाही, डब्याबरोबर येतं तेच कायमचं. आता ५१२ एमबी रॅमचा नवीन हेक्स पण आलाय, आज घेणाऱ्याने तो मिळतोय का आधी बघावं. अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, हा ८ ते ३० व्होल्टपर्यंत कुठल्याही डीसीवर चालतो, त्यामुळे बाजारात जो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो त्यावर सरळ लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचं काय असतं ते सगळ्यांना माहितीय, मला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

सेटिंग विनबॉक्स नावाच्या त्यांच्या छोट्या सॉफ्टवेअरमधून करायचं. त्याची सगळ्यात छान गोष्ट म्हणजे आयपी (नेटवर्कमधला पत्ता) चुकला, बिघडला तरी यंत्राच्या स्वतःच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून राउटरला जोडता येतं, वायर लावलेली असली की झालं. पहिल्यांदा उघडल्यावर मेनूची ती लांबलचक यादी बघून घाबरायला होतं, मलाही झालं. पण डब्यात येताना जे डीफॉल्ट कॉन्फिगरेशन असतं ना, ते खरंच विचार करून केलेलं आहे. पहिला पोर्ट इंटरनेटचा, उरलेले चार आतले, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे काय जाऊ द्यायचं नि काय अडवायचं ते ठरवणाऱ्या भागात, दहाएक रूल आधीच घातलेले. आता यूट्यूबवर कितीतरी व्हिडिओ सुरुवातच अशी करतात की आधी रिमूव्ह कॉन्फिगरेशन दाबा आणि कोऱ्या पाटीवर सुरू करा. हे अजिबात करू नका. ते बटण दाबलं की ते दहा रूल पण जातात आणि तुम्ही व्हिडिओ बघत नेट चालू करता, नेट चालतं, खूश होता, पण फायरवॉलचा टॅब रिकामा असतो. मी दोन ठिकाणी हे प्रत्यक्ष बघितलंय, राउटर चांगला आणि दार सताड उघडं.

फायरवॉलमध्ये दोनच शब्द नीट समजून घ्या, बाकी मागून येतं. इनपुट म्हणजे खुद्द राउटरकडे येणारं, आणि फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून पलीकडे जाणारं. आपल्या वाड्याच्या दारावरचा माणूस समजा, कुणी त्याच्याशीच बोलायला आलं ते इनपुट, कुणी आत वाड्यात जायला आलं ते फॉरवर्ड. दोन्हीचे रूल वेगळे आणि एक घातला म्हणजे दुसरा झाला असं होत नाही. आणि रूल वरून खाली वाचले जातात, जो पहिला लागू पडला तोच चालला, त्याच्या खालच्याला कुणी विचारत नाही. या क्रमावरून मला काय झालं ते पुढे सांगतो.

आमचं कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे युझरनेम-पासवर्ड घालून लागणारं. फायबरच्या डब्याला इंटरनेटवाल्याकडून ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नेट नुसतं पुढे द्यायच्या कामाला, टाकून घेतलं, नाहीतर दोन राउटर एकामागे एक होतात आणि पुढे सगळीच गुंतागुंत. हेक्समध्ये पीपीपीओई इंटरफेस बनवला, कनेक्टेड दाखवतोय, आयपी मिळालाय, पण एकाही पीसीवर नेट नाही. तासभर गेला. कारण इतकंच की नवीन बनलेला तो इंटरफेस वॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या, यादीत घालायचा राहिला होता, आणि नॅट (एकाच पत्त्यावर आतल्या सगळ्यांना नेट देणारा भाग) आणि फायरवॉल दोन्ही त्या यादीकडे बघून काम करतात. क्विक सेटमधून केलं तर ते आपोआप होतं, हाताने केलं तर इंटरफेस लिस्टमध्ये जाऊन घालावं लागतं. हे वाचून कुणाचा तरी एक तास वाचेल.

मग लगेच करायची कामं. अ‍ॅडमिन नावाचा युझर काढून वेगळ्या नावाचा बनवला, पासवर्ड लांब. आयपी सर्व्हिसेसमध्ये जाऊन टेलनेट, एफटीपी, एपीआय, वेब सगळं बंद, फक्त विनबॉक्स आणि तोही आतल्या नेटवर्कपुरता. हे कंटाळवाणं वाटतं पण २०१८ सालचं प्रकरण माहिती असू द्या. विनबॉक्समध्येच एक भोक निघालं होतं, ज्यांचा ८२९१ पोर्ट बाहेरून उघडा होता त्यांच्या राउटरमधून युझरची फाइलच पासवर्डसकट वाचता यायची. कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच दुरुस्तीचं व्हर्जन काढलं, पण जगभर हजारो लोकांनी ते टाकलंच नाही, आणि पुढे कितीतरी महिने त्यांच्या राउटरमधून क्रिप्टो मायनिंगची स्क्रिप्ट पसरत राहिली. म्हणून दर महिन्याला चेक फॉर अपडेट्स दाबायचं, मी मोबाईलवर रिमाइंडरच लावलाय. २० तारखेला जीएसटीआर-३बी रिटर्न भरून झालं की २१ ला अपडेट.

आता डीव्हीआर, कारण माझ्या मते या डब्याचे सगळे पैसे इथेच वसूल होतात. पाचवा पोर्ट ब्रिजमधून, म्हणजे आतल्या पोर्टांच्या गटातून, बाहेर काढला, त्याला आयपीची वेगळी रेंज दिली, डीव्हीआर तिथे लावला. पुष्कळ लोक इथेच थांबतात, म्हणतात झालं वेगळं. पण झालेलं नसतं! राउटरचं कामच दोन रेंजना जोडायचं आहे, तो डीव्हीआरला खुशाल टॅलीच्या पीसीकडे जाऊ देतो जोवर आपण नाही म्हणत नाही. मी पिंग करून, म्हणजे पोचतंय का याची चाचणी करून, बघितलं, आरामात जात होता. मग रूल घातला की पाचव्या पोर्टकडून ब्रिजकडे जाणारं सगळं ड्रॉप, म्हणजे अडवून टाकायचं, आणि उत्साहात तो ओढून सगळ्यात वर नेला. तिकडून केबिनमधून बाबांचा आवाज, "अरे, कॅमेरे गेले बघ सगळे, काळं दिसतंय." मी म्हटलं, "बाबा, दोन मिनिटं थांबा, मीच काहीतरी केलंय."

झालं असं होतं की बाबांच्या पीसीने डीव्हीआरला चित्र मागितलं, ते मागणं गेलं, पण डीव्हीआरचं उत्तर परत येताना माझ्याच ड्रॉपमध्ये अडकलं, कारण उत्तरही पाचव्या पोर्टकडूनच ब्रिजकडे येतं ना. एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडचा जो रूल आधीपासून असतो, म्हणजे आपण सुरू केलेल्या बोलण्याचं उत्तर आत येऊ दे म्हणणारा, तो माझ्या रूलच्या खाली गेला होता. माउसने धरून माझा रूल त्याच्या खाली आणला, केबिनमधून "आलं, आलं" ऐकू आलं. त्यानंतर डीव्हीआरवरून पीसीला पिंग केला तर एकही गेला नाही आणि त्या रूलसमोरचा पॅकेटचा आकडा माझ्या डोळ्यासमोर एक-एक करून वाढताना दिसला. फायरवॉल म्हणजे काय हे मला त्या पाच मिनिटांत जितकं कळलं तितकं आधी वाचून कधीच कळलं नव्हतं. कुठलाही रूल घातला की समोरचा आकडा हलतोय का बघा, हलत नसेल तर रूल चुकीच्या जागी आहे किंवा चुकीचा आहे.

डीव्हीआरचं इंटरनेट पण मी पूर्ण बंद केलं. एक अडचण आली, त्याचं घड्याळ पुढे-मागे व्हायला लागलं, आणि फुटेजवर वेळच चुकीची असेल तर वेळेला ते दाखवून काय उपयोग. हेक्सची जी सिस्टिम आहे, राउटरओएस, तिच्या ७ व्हर्जनमध्ये वेळ सांगणारा एनटीपी सर्व्हर आहे, तो चालू केला, डीव्हीआरला फक्त तेवढ्यासाठी राउटरशी बोलायची परवानगी दिली, घड्याळ बरोबर. असंच चौथ्या पोर्टवर क्लायंटचं वायफाय वेगळं केलं, भिंतीवरचा कागद अजून आहे पण त्या वायफायवरून आता फक्त इंटरनेट मिळतं, प्रिंटरही दिसत नाही.

हे सगळं करताना विनबॉक्समधलं सेफ मोड बटण आधी दाबून ठेवायचं, ही सवयच लावून घ्या. चुकीच्या रूलने आपणच बाहेर फेकले गेलो तर राउटर आपोआप आधीच्या स्थितीला जातो. आणि सगळं मनासारखं झालं की एक्सपोर्ट काढून ठेवायचं, ती साधी टेक्स्ट फाइल असते, दुसऱ्या पीसीवर, शक्यतो प्रिंट पण.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, तिच्याबद्दल थोडं, कारण हे भलतंच दुर्लक्षित आहे. आपल्याकडे आता मोठे इंटरनेटवाले आयपीव्ही६ देतात आणि तिथे नॅटचा आडोसा नसतो, आतल्या प्रत्येक पीसीला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. त्याची फायरवॉल पूर्ण वेगळी, वेगळा टॅब. नवीन डबा ७ व्हर्जनसकट आला असेल तर तिथे रूल असतात, पण जुना ६ वरून अपग्रेड केला असेल तर तो टॅब एकदा उघडून बघाच, रिकामा असू शकतो.

बाहेरून बघायचं काय, तर वायरगार्ड. हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसात यायची बंद वाट, राउटरओएस ७ मध्ये आधीच असतं. एक यूडीपी पोर्ट उघडायचा, बस, आणि त्याची खासियत अशी की ज्याच्याकडे योग्य चावी नाही त्याला तो उत्तरच देत नाही, दार आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळत नाही. बाबा आता मोबाईलवर आधी वायरगार्डचं बटण सरकवतात, मग कॅमेरे बघतात, दोन दिवसांत सवय झाली त्यांना. मात्र यासाठी खरा पब्लिक आयपी हवा. तुमच्या राउटरवर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामध्ये सुरू होणारा दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटलेला आहे, आणि बाहेरून काहीच आत येणार नाही, इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यावा लागेल. आमच्याकडे तो आधीपासून होता.

एकदा मी उत्सुकता म्हणून इनपुटच्या शेवटच्या ड्रॉप रूलवर तासभर लॉग, म्हणजे नोंदवही, चालू करून ठेवला. २२, २३, ४४५, ३३८९, ८२९१ या पोर्टांवर कुठून कुठून लोक, म्हणजे लोक नाही प्रोग्रॅमच, दार वाजवून जात होते, ओळी थांबतच नव्हत्या. सांगलीतल्या एका गल्लीतल्या ऑफिसचा पत्ता त्यांना माहिती नाही, ते सगळ्याच पत्त्यांना वाजवतात. "आपल्यासारख्या छोट्यांना कोण हॅक करतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो स्क्रीन दाखवतो. तो लॉग राउटरच्या मेमरीत थोडाच राहतो आणि लाईट गेली की जातो, म्हणून मी तो एका पीसीवर सिसलॉग या लॉग पाठवायच्या सोयीने पाठवतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस लॉग ठेवायचं आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं म्हटलंय, आपल्या धंद्याला ते कसं लागू होतं हे ज्याने त्याने आपल्या सल्लागाराला विचारावं, पण लॉग असलेला बरा.

काय होत नाही तेही ऐका. हा व्हायरस पकडत नाही. कुणी मेलमधली खोटी इनव्हॉइस उघडली तर हेक्स काहीही करू शकत नाही, त्याला अँटिव्हायरस आणि माणसाला सांगणं हेच. एकाच ब्रिजमधले दोन पीसी आपसात बोलतात ते फायरवॉलमधून जातच नाही, त्यामुळे विंडोजची फायरवॉल बंद करू नका, टॅलीचं शेअरिंग चालत नसेल तर तेवढ्यापुरतंच उघडा, पूर्ण फायरवॉल कशाला बंद करायची? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस असाच आतल्या आत ४४५ वरून पसरला होता. ज्यांना मेल आणि वेबसाइटसुद्धा तपासून हव्यात त्यांनी फोर्टिगेट, सोफोस असलं काहीतरी बघावं, त्याचं लायसन्स दरवर्षी भरावं लागतं, २५-३० माणसांच्या ऑफिसला ते परवडतं, आम्हाला नाही. जुना पीसी आणि दोन लॅन कार्ड पडून असतील तर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं मोफत सॉफ्टवेअर पण उत्तम, फक्त वीज जास्त खातो.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो वायफाय नाही आणि शिकायला दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात म्हणून. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने एखाद्या माहितगाराला पैसे देऊन बसवून घ्यावा, पण लॉगिन स्वतःकडे ठेवावं आणि फायरवॉलचा टॅब समोर बसून समजून घ्यावा.

मागच्या रविवारी त्या हळदीवाल्या काकांकडे पण बसवून आलो. पहिलं काम जुन्या डब्यातलं ३३८९ फॉरवर्डिंग काढायचं केलं, तर म्हणाले, "अरे, मग मी घरून बघू कसं?" त्यांच्या फोनमध्ये आणि घरच्या लॅपटॉपमध्ये वायरगार्ड टाकून दिलं, स्टॅटिक आयपी त्यांनी घेतलाच होता. मग बाहेर रस्त्यावर जाऊन मोबाईलच्या नेटवर लावून दाखवलं, आधी वायरगार्ड बंद ठेवून, काहीच लागलं नाही, मग चालू करून, लगेच लागलं. त्यांनी स्वतः तीनदा करून बघितलं. चहा झाला, निघताना बघतो तर काकांनी बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री केली, पीसीच्या मागचा पेनड्राइव्ह काढला आणि शर्टाच्या खिशात घालून वरचं बटण लावलं.